कारण : दवाखाना

आमच्या क्रेडिट सोसायटीत सोनेतारण कर्जाचा एक पानी अर्ज असतो. नाव, गाव, दागिन्याचं वजन आणि सगळ्यात खाली एक ओळ : कर्जाचं कारण. बेळगावात या खिडकीवर बसून मला १८ वर्षं झाली. आधी त्या ओळीत लग्न, बी-बियाणं, घरावरची कौलं, पोराची फी असं काय काय असायचं. आता तिथं एकच शब्द फिरून फिरून येतो : दवाखाना. आमच्या भागात दहा खाटांचं नर्सिंग होम असो की सात मजली हॉस्पिटल, सगळ्याला दवाखानाच म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात जांबोटीकडचे एक मामा आले. रुमालाच्या पुरचुंडीत मामींच्या दोन पाटल्या होत्या. छत्रीचं पाणी फरशीवर पडू नये म्हणून ती त्यांनी बाहेर दाराला टेकवली, आणि खिशातून प्लास्टिकच्या पिशवीतला कागद काढला. दवाखान्यानं दिलेलं एस्टिमेट. सगळं इंग्रजीत. मामींच्या हृदयाच्या एका नळीत अडथळा, स्टेंट (नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी) घालायचा, खर्च २ लाख ४० हजार. सराफ पाटल्या कसोटीवर घासत होता तेवढ्यात मामांनी विचारलं, "एवढं खरंच लागतंय काय हो? का आमास्नी बघून लिवलंय?"

मी डॉक्टर नव्हे. स्टेंट लागतो की नाही हे मी सांगू शकत नाही. पण कर्ज, व्याज, भांडवल हा माझा रोजचा व्यवहार आहे, आणि गेल्या काही वर्षांत दवाखान्यांत जे बदललंय त्याचं मूळ बरंचसं तिथंच आहे. म्हणून हे लिहितोय.

सुरुवात एका साध्या प्रश्नानं करूया : दवाखाना उभा करायला पैसा कुणाचा लागला, आणि त्या पैशाला परत काय हवंय?

अथणी, रायबाग, चिकोडीकडची जुनी माणसं अजून मिरजेच्या मिशन हॉस्पिटलचं नाव काढतात. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी ते १८९४ मध्ये सुरू केलं. तिथला पैसा देणगीचा होता. देणगीला व्याज नसतं. बेळगावात केएलई संस्था १९१६ ची, तिचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ चं. शिक्षणसंस्थेच्या पोटातून दवाखाना वाढला, ती वेगळीच तऱ्हा. सिव्हिल सरकारचं, त्याला २००५ पासून बिम्स हे मेडिकल कॉलेज जोडलेलं. आणि या सगळ्यांच्या मधे गल्लीतले आपले डॉक्टर. शहापुरात, वडगावात मागाच्या खडखडाटात चालणारे दवाखाने. लाल औषधाच्या बाटलीला चिकटवलेली कागदाची कातरपट्टी, चार पुड्या, आणि पैसे नसतील तर "राहू दे, पुढच्या वेळी." त्यांनाही पैसा मिळवायचा होताच. पण त्यांचा हिशेब त्यांच्या घरखर्चाशी होता, आणि तुमच्या आजोबांना कशाची अॅलर्जी होती हे त्यांच्या डोक्यात असायचं.

कॉर्पोरेट दवाखाना म्हणजे या सगळ्याहून वेगळ्या पैशावर उभा राहिलेला दवाखाना. भारतात त्याची सुरुवात १९८३ मध्ये चेन्नईच्या अपोलोपासून धरतात. २००० साली सरकारनं दवाखान्यांत १०० टक्के परदेशी गुंतवणुकीला, दर वेळी सरकारची आधी मंजुरी न घेता, वाट मोकळी केली आणि मग ओघ वाढला.

इथं आमच्या सोसायटीचं उदाहरण घेतो. आमच्याकडे ठेव ठेवणाऱ्याला ठरलेलं व्याज मिळतं. गुंतवणूक फंडाचं तसं नसतं. तो दवाखान्यातला हिस्सा विकत घेतो, आणि साधारण पाच-सात वर्षांनी तोच हिस्सा जास्त किमतीला दुसऱ्याला विकून बाहेर पडायचा त्याचा बेत असतो. आता दवाखान्याची किंमत ठरते कशी? ढोबळमानानं वर्षाच्या नफ्याच्या पटीत. समजा बाजारात २० पट चालू आहे. तर वर्षाचा नफा एका कोटीनं वाढला की विक्रीची किंमत २० कोटींनी वाढली. माझ्या मते हा सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे, आणि तो कुठल्याच बिलावर छापलेला नसतो. जास्तीचा प्रत्येक रुपया मालकाला विकताना वीस रुपये होऊन दिसत असेल, तर त्या रुपयासाठी वरून किती रेटा येत असेल, विचार करा.

उदाहरण लांबचं नको. आपल्याकडची माणसं अवघड आजाराला पुण्याला नेतात. तिथली सह्याद्री ही दवाखान्यांची साखळी डॉक्टरांनी उभी केली. पुढे ती एव्हरस्टोन या फंडाकडे गेली. २०२२ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडानं घेतली. २०२५ मध्ये मणिपाल या दुसऱ्या मोठ्या साखळीनं ती घ्यायचा करार केला, आणि खुद्द मणिपालमध्ये २०२३ पासून टेमासेक या सिंगापूर सरकारच्या गुंतवणूक कंपनीचा मोठा हिस्सा आहे. यात बेकायदा काही नाही. कॅनडातल्या निवृत्त शिक्षिकेला पेन्शन मिळायलाच हवी. पण खाटेवर आमची मावशी आणि दुसऱ्या टोकाला ती शिक्षिका, हे नातं दोघींपैकी एकीलाही माहीत नसतं. दोघींच्या मधे डॉक्टर उभा असतो.

त्या डॉक्टरपर्यंत हा रेटा पोचतो कसा? कुणी येऊन "खोटं ऑपरेशन कर" म्हणून सांगत नाही. इतका सरळ प्रकार क्वचितच असावा. रेटा पोचतो आकड्यांमधून.

पहिला आकडा म्हणजे एका भरलेल्या खाटेमागं दिवसाला सरासरी उत्पन्न किती. शेअर बाजारातल्या दवाखान्याच्या कंपन्या तो दर तिमाहीला गुंतवणूकदारांना जाहीर करतात, आणि काही मोठ्या साखळ्यांत तो दिवसाला ५० हजारांच्या पुढं आहे. दुसरा आकडा म्हणजे रुग्ण सरासरी किती दिवस राहतो. लोकांना वाटतं, दवाखाने मुद्दाम जास्त दिवस ठेवून घेतात. मोठ्या ठिकाणी उलट असतं. खरी कमाई पहिल्या दोन दिवसांत होते : तपासण्या, ऑपरेशन, आयसीयू. चौथ्या-पाचव्या दिवशी रुग्ण नुसता पेज पीत पडलेला असतो, त्या खाटेचं उत्पन्न उतरतं. म्हणून त्याला लवकर घरी पाठवून नवा ऑपरेशनचा रुग्ण घेणं फायद्याचं. लवकर घरी जाणं बऱ्याचदा रुग्णाच्याही भल्याचं असतं, हे खरं. पण जांबोटीच्या पुढं, जिथं पावसात एसटी कधी येते कधी नाही, तिथं टाके ओले असताना पाठवलेल्या माणसाचं काय, हे त्या आकड्यात कुठंच मोजलेलं नसतं.

तिसरं म्हणजे डॉक्टरचा करार. नव्या दवाखान्यात तज्ज्ञ डॉक्टर येतो तेव्हा वर्ष-दोन वर्षं त्याला ठराविक रक्कम मिळेल असं ठरतं, त्याला मिनिमम गॅरंटी म्हणतात. मुदत संपली की पगार त्याच्या कामाच्या बिलाशी जोडला जातो. महिन्याच्या बैठकीत कागद समोर येतो : ओपीडीत किती तपासले, त्यातले किती दाखल झाले, किती ऑपरेशनं झाली. दाखल होण्याच्या या प्रमाणाला कन्व्हर्जन म्हणतात. हा शब्द मी पहिल्यांदा एका ओळखीच्या तरुण डॉक्टरच्या तोंडून ऐकला. तो म्हणाला, "काका, मला कुणी चुकीचं करायला सांगत नाही. फक्त दर महिन्याला विचारतात, मागच्या महिन्यापेक्षा कमी का?" त्याच्या शिक्षणाच्या कर्जाला त्याचे वडील जामीन आहेत. त्याला वाईट ठरवायला माझी जीभ रेटत नाही.

वैद्यकशास्त्रात बराच भाग काळा-पांढरा नसतो, हे यात धरायला हवं. छातीत दुखणं, गुडघा, गर्भपिशवी, बाळंतपण. या ठिकाणी दोन प्रामाणिक डॉक्टर दोन वेगळे सल्ले देऊ शकतात. हार्ट अटॅक आला असेल तर वेळेवर घातलेला स्टेंट जीव वाचवतो, त्यात वाद नाही. पण अटॅक नसताना, चालल्यावर दुखतं आणि उभं राहिल्यावर दुखायचं थांबतं अशा स्थिर दुखण्यात, ५ हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात २०२० च्या सुमारास असं दिसलं, की आधी नेमकी औषधं देऊन बघणं आणि लगेच स्टेंट किंवा बायपास करणं यांत मृत्यू आणि अटॅक टाळण्याच्या बाबतीत मोठा फरक पडला नाही. दुखणं कमी होण्यात मात्र स्टेंट-बायपासवाल्यांना जास्त आराम मिळाला. म्हणजे निर्णय तराजूवर असतो. नेमकं तेव्हा महिन्याच्या बैठकीचं वजन कुठल्या पारड्यात पडतं, एवढाच प्रश्न आहे.

बाळंतपणाचे आकडे तर सरकारनंच मोजलेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली, खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के. अवघड केसेस खासगीत जास्त जातात, काही बायका स्वतः सिझर मागतात, हे सगळं धरलं तरी तिपटीहून जास्त फरक त्यानं भरून निघत नाही.

आता रुग्ण तिथपर्यंत पोचतो कसा ते बघू. गावात मोफत शिबिर लागतं, मारुतीच्या देवळासमोर मांडव, बीपी-शुगर-ईसीजी फुकट. त्यातून खरोखर आजार सापडलेली माणसं मी पाहिलीत. पण शिबिर संपताना वही असते, वहीत फोन नंबर असतात, आणि दुसऱ्या दिवसापासून दवाखान्याच्या पीआरओचे, म्हणजे जनसंपर्कवाल्यांचे, फोन सुरू होतात. दुसरी वाट म्हणजे रेफर. गावातला डॉक्टर चिठ्ठी देतो, आणि काही ठिकाणी त्या चिठ्ठीमागं पाकीट असतं. त्याला सगळे कटच म्हणतात. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनी डॉक्टरला असं कमिशन घ्यायला-द्यायला स्पष्ट बंदी आहे. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा केला होता, त्याचा कायदा काही झाला नाही. कॉर्पोरेट पैसा यायच्या आधीही कट होताच. फरक इतकाच, की पूर्वी तो दोन डॉक्टरांत होता, आता त्यासाठी मार्केटिंगचा अख्खा विभाग बसतो, आणि तो रीतसर खर्चात धरला जातो. आपल्याला ओळखणारा गल्लीतला डॉक्टर या नव्या साखळीत पहिला टप्पा होऊन बसतो, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. कारण "हे खरंच लागतंय काय?" हे विचारायची आपली हक्काची जागा तीच होती.

मामांच्या एस्टिमेटकडे परत येतो. त्यात स्टेंटची ओळ होती. २०१७ पर्यंत औषध लावलेल्या स्टेंटची छापील किंमत सरासरी १ लाख २१ हजारांच्या घरात होती. त्या फेब्रुवारीत केंद्राच्या औषध दर प्राधिकरणानं तिला २९ हजार ६०० रुपयांची मर्यादा घातली, साध्या धातूच्या स्टेंटला ७ हजार २६० ची. तेव्हापासून महागाईनुसार ती थोडी हलते, पण मर्यादा आहे. मामांच्या कागदावरची रक्कम त्या मर्यादेत होती. मग २ लाख ४० हजार झाले कुठून? बाकीच्या ओळींतून : कॅथलॅब (जिथं स्टेंट घालतात ती खोली), डॉक्टरची फी, आयसीयू, नर्सिंग, औषधं आणि कन्झ्युमेबल्स. म्हणजे हातमोजे, सिरिंज, सलाईनच्या नळ्या, कॅथेटर. स्टेंटला मर्यादा आहे, अख्ख्या ऑपरेशनला नाही.

कन्झ्युमेबल्सची गंमत समजून घ्यायला एमआरपी कळायला हवी. तांदळाचा भाव बाजार ठरवतो. सिरिंजवर किंमत छापणारी कंपनी आणि ती घाऊक घेणारा दवाखाना, दोघांचाही फायदा छापील आकडा मोठा असण्यात आहे. दवाखाना एकदम हजारोंनी घेतो, त्याला ती छापील किमतीच्या थोड्या भागात पडते, तुम्हाला पूर्ण छापील किंमत लागते. २०१८ मध्ये त्याच प्राधिकरणानं दिल्ली परिसरातल्या चार खासगी दवाखान्यांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १ हजार ७३७ टक्क्यांपर्यंत निघाला. आणि आयसीयूच्या दारात उभं राहून कोण भाव करणार? आतल्या मेडिकलमधूनच औषधं घ्यायची सक्ती हा मुद्दा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. मार्च २०२५ मध्ये कोर्टानं स्वतः बंधन घालायचं नाकारून राज्यांनी धोरण ठरवावं असं सांगितलं.

कॉर्पोरेट पैशानं काहीच चांगलं केलं नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या वडिलांना दम लागला तेव्हा मिरज नाही तर मुंबई, याशिवाय बोलणंच नव्हतं. आज अँजिओग्राफी बेळगावात, कोल्हापुरात होते. महागडी यंत्रं, आयसीयूतली शिस्त, रात्री दोनला हजर असलेला तज्ज्ञ, याला भांडवल लागतं, आणि देणगी-सरकार तेवढं पुरवत नव्हतं. सरकारनं सिव्हिलवर नीट खर्च केला असता तर एवढी मोकळी जागा या पैशाला मिळाली नसती. सरकारी पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी दवाखान्यात ४ हजार ४५२ रुपये होता, खासगीत ३१ हजार ८४५. या दोन आकड्यांमधल्या दरीत आमच्या सोसायटीची तिजोरी भरते. ते लिहिताना मला बरं वाटत नाही.

सीमाभागातल्या माणसाची यात आणखी एक अडचण आहे, ती पुण्या-मुंबईच्या लेखांत येत नाही. आपली रेशन कार्डं कर्नाटकाची, आणि दवाखान्याची सवय मिरज-कोल्हापूरची. कर्नाटकाची आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना २०१८ पासून आहे. बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएलला, म्हणजे त्या रेषेवरच्याला, योजनेत ठरलेल्या दराच्या ३० टक्के. पण मोठ्या उपचारांसाठी आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं. तातडीच्या यादीतल्या आजारांना तेवढी सूट. माणूस सरळ खासगीत गेला की ती वाट त्याच्या हातून निसटते, आणि योजनेचे दर खासगी दरांपेक्षा बरेच कमी असल्यामुळं ती वाट आपणहून दाखवायची घाई तिथं कुणाला नसते. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं. कर्नाटकानं हरकत घेतली. दोन सरकारांच्या त्या भांडणात आपला रुग्ण कुठं उभा राहतो, हे खानापुरातल्या कुठल्याही घरी विचारा. त्यात संमतीपत्र इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये. मराठीशिवाय काही न वाचणारी मामी अंगठा कशावर उठवते, ते तिला कुणी वाचून दाखवत नाही.

कायदा आहे, आणि त्याची मोठी लढाई आपल्याच गावात झाली. कर्नाटकाचा खासगी वैद्यकीय संस्थांचा कायदा २००७ चा. २०१७ मध्ये त्यात कडक दुरुस्ती आणली गेली, तेव्हा इथल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं आणि राज्यभरातले हजारो डॉक्टर बेळगावात निदर्शनाला जमले. राज्यभर ओपीडी बंद झाल्या, हाल झाले. शेवटी दुरुस्ती सौम्य झाली. सरसकट दर ठरवायचा सरकारचा अधिकार गेला, तो सरकारी योजनांपुरता उरला. लहान डॉक्टरांची भीती खोटी नव्हती : दहा खाटांवाल्याला आणि साखळीला एकच जाच लावला तर पहिला बंद पडतो आणि साखळी उरते. पण जे उरलं तेही आपल्या कामाचं आहे. दर लावून ठेवणं बंधनकारक. तातडीच्या वेळी आधी पैसे भरा म्हणून उपचार अडवता येत नाहीत. बिल थकलं म्हणून मृतदेह रोखता येत नाही. तक्रार ऐकायला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आहे. याशिवाय, केस पेपर मागितल्यावर ७२ तासांत द्यायला हवेत असा मेडिकल कौन्सिलचा जुना नियम आहे. हे पेपर हातात असले तर दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेता येतो, सगळ्या तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत. मी प्रत्येकाला आधी हेच सांगतो : कागद मागा. रागानं नको, नुसते मागा.

मामांनाही तेच सांगितलं. त्यांच्याकडे बीपीएल कार्ड होतं. दवाखान्यात ते दाखवलं तर काउंटरवरच्या पोरानं "ह्या कार्डावर इथं होत नाही" एवढंच म्हटलं होतं, पुढं कुठं होतं ते नाही. मामींना अटॅक आलेला नव्हता, दोन-चार दिवसांची सवड होती. मी म्हटलं, अँजिओग्राफीची सीडी आणि रिपोर्ट घ्या, सिव्हिलमध्ये जाऊन हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, स्टेंट लागतोय का ते विचारा, आणि लागत असेल तर योजनेचं पत्र मागा. सीडीसाठी त्यांना तीन फेऱ्या माराव्या लागल्या.

सिव्हिलच्या डॉक्टरांनीही स्टेंट लागेल असंच सांगितलं. पहिल्या दवाखान्याचा सल्ला चुकीचा नव्हता, हे मुद्दाम लिहितोय. पत्र मिळालं, योजनेतल्या दुसऱ्या दवाखान्यात स्टेंट बसला. तोवर पहिल्या ठिकाणी तपासण्या, अँजिओग्राफी आणि दोन दिवसांचे मिळून ३४ हजार गेले होते, ते शेजाऱ्याकडून घेतलेले. ते फेडायला मामांनी एक पाटली आमच्याकडे ठेवली. दुसरी परत रुमालात बांधली.

व्याज भरायला ते महिन्याला येतात. येताना मामींच्या गोळ्यांची पाकिटं आणतात. मी प्रत्येकावर मराठीत लिहून देतो : सकाळी, रात्री, जेवल्यावर.